मदत हवी आहे: अपडेटनंतर दुकानातला प्रिंटर बंद, गणपती तोंडावर

सडेकर_गुहागर
नमस्कार. गुहागर तालुक्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. लिनक्स अपडेट केल्यापासून प्रिंटर चालत नाही. काम रांगेत दिसतं, कागद बाहेर येत नाही. नवीन काही टाकायला गेलं तर ४०४, म्हणजे फाइल सापडत नाही, असं येतं. मंडळाच्या पावत्या, आरत्यांची पुस्तकं, चाकरमान्यांची परतीची तिकिटं, सगळं अडकलंय. लवकर सांगा, गिऱ्हाईक समोर उभं आहे.

खाडीपलीकडे
कुठलं लिनक्स? आवृत्ती कुठली? आधी कुठली होती? प्रिंटरचं मॉडेल? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

आंबेमोहर
डेबियन लिनक्स टाका. १३ वी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ ला आली. मार्चपासून फ्रीझ चालू होता, म्हणजे नवीन भर थांबवून फक्त दोष काढत बसले होते. दुकानाला असंच लागतं.

तुळशीवृंदावन
मराठी टायपिंगसाठी आयबस या टायपिंगच्या साधनात इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडा, सगळीकडे युनिकोड चालतं. जुन्या फाँटच्या फाइल्स आधी रूपांतरित करून घ्या.

सडेकर_गुहागर
टायपिंग व्यवस्थित आहे हो, प्रिंटर बंद आहे! उबुंटू लिनक्स आहे. भाचा मे महिन्यात आला होता, त्याने नवीन दिसतं म्हणून २४.१० टाकलं. आधी २२.०४ होतं, त्यावर प्रिंटर झकास चालायचा. काळा-पांढरा लेझर आहे, जुना. ड्रायव्हर कंपनीच्या सीडीतला.

खाडीपलीकडे
हे आधी लिहायला हवं होतं. २४.१० ही मधली आवृत्ती. तिला फक्त नऊ महिने सपोर्ट, तो जुलै २०२५ मध्ये संपला. मग फाइल्स कालांतराने जुन्या रिलीजच्या सर्व्हरवर हलवतात, ४०४ बहुधा त्याचाच. एप्रिलमध्ये दर दोन वर्षांनी एलटीएस, म्हणजे दीर्घ सपोर्टची आवृत्ती येते, तिला पाच वर्षं सपोर्ट. दुकानात तीच ठेवायची. मधल्या आवृत्त्यांमध्ये नवीन गोष्टी वापरून पाहतात, त्यातलं जे टिकेल ते पुढच्या एलटीएसमध्ये जातं.

हर्णै_बंदर
सगळं जुनंच ठेवायचं असेल तर नवीन लॅपटॉप चालणार कसे? माझ्या लॅपटॉपचं वायफाय डेबियन १२ च्या ६.१ कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, दिसतच नव्हतं. मी फेडोरा लिनक्स टाकलं, दर सहा महिन्यांनी नवीन, सगळं चालतं. स्थिर म्हणता म्हणता मशीन गंजतं.

आंबेमोहर
त्यासाठी डेबियनमध्ये बॅकपोर्ट आहेत, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी बांधलेली नवी पॅकेजेस; उबुंटूत नव्या हार्डवेअरसाठी एचडब्ल्यूई कर्नल आहे. कर्नल नवा, बाकी सगळं जुनं. आणि स्थिर म्हणजे दुरुस्तीच नाही असं नव्हे. आवृत्तीचा आकडा तोच राहतो, सुरक्षेची दुरुस्ती मात्र आत येते. २०२४ चं एक्सझेड प्रकरण आठवा, फाइल्स दाबून लहान करणारं साधन ते. ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदार घुसवलं होतं. ते डेबियनच्या टेस्टिंग-अनस्टेबल या चाचणीच्या शाखांपर्यंत पोचलं, स्टेबलमध्ये आलं नाही. उबुंटूने २४.०४ चा बीटा आठवडाभर पुढे ढकलला आणि त्या काळात बांधलेली पॅकेजेस पुन्हा बांधली. नवीन होडी पहिल्याच दिवशी खोल समुद्रात नेत नाहीत.

हर्णै_बंदर
ते पकडलं कुणी? नवीन आवृत्ती चालवणाऱ्यानेच. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिन (दुरून मशीनमध्ये शिरणं) किंचित हळू वाटलं, म्हणून त्याने खोदलं. सगळेच स्टेबलवर बसले तर दोष सापडणार कुणाला?

आंबेमोहर
मान्य. पण तो अभियंता आहे, सडेकरांचं दुकान म्हणजे प्रयोगशाळा नाही.

मालवणी_वारो
खयचो प्रिंटर आसा ता आदी सांग रे बाबा. आमच्या हडे पण तसोच जुनो लेझर, कंपनीचो ड्रायव्हर बत्तीस बिटचो. त्येका बत्तीस बिटच्यो लायब्रऱ्यो लागतत. नव्या आवृत्तीत त्यो सापडाक नाय की काम रांगेतच ऱ्हवता.

सडेकर_गुहागर
अगदी असंच! फोटो टाकलाय, मॉडेल मागच्या बाजूला आहे. मग २४.०४ टाकू का?

खाडीपलीकडे
मी २२.०४ म्हणेन. एप्रिल २०२७ पर्यंत सपोर्ट आहे आणि तुमचा प्रिंटर त्यावर चालतो हे तुम्ही स्वतः पाहिलंय. २४.०४ वर हा ड्रायव्हर चालेल याची खात्री मी देणार नाही. गणपती झाल्यावर दुसऱ्या मशीनवर सावकाश पाहा. खालच्या आवृत्तीवर थेट परत जाता येत नाही, नव्याने टाकावं लागेल. आधी होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या.

आंबेमोहर
आणि दोन वर्षांनी पुन्हा तेच? प्रिंटर बदला. ड्रायव्हर न लागणारे, आयपीपी या छपाईच्या ठरलेल्या पद्धतीवर चालणारे मिळतात.

खाडीपलीकडे
आठवडाभरात पावत्या छापायच्या आहेत, आंबेमोहर. पैसे आले की बदलतील.

सडेकर_गुहागर
बॅकअप घेतोय. मोबाइलच्या नेटवर आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, उतरवायचा म्हणजे दोन दिवसांचा डेटा, त्यात पावसामुळे वीज जाते-येते. जवळपास कुणाकडे पेनड्राइव्ह तयार आहे का?

शृंगारतळी_तिठा
माझ्याकडे २२.०४.५ आहे, शाळेच्या लॅबसाठी केला होता. संध्याकाळी सहापर्यंत दुकानात आहे, या. इन्स्टॉल करताना वीज गेली तर अर्धवट राहील, यूपीएसची बॅटरी तपासून घ्या.

सडेकर_गुहागर
निघालो. ड्रायव्हरची सीडी पण घेतो.

हर्णै_बंदर
ते ठीक, पण एचडब्ल्यूई कर्नल दुकानात चालेल का, हे अजून कुणी सांगितलं नाही.