मदत हवी आहे : परिचारिकेला आरोग्य माहितीशास्त्रात काम करायचे असल्यास

नमस्कार. मी पुण्यातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. संगणकीय नोंदी सुरू झाल्यापासून दिलेले औषध, सलाइनचा वेग आणि लघवीचे प्रमाण वेगवेगळ्या पानांवर भरावे लागते आणि रात्रपाळीत रुग्णाजवळचा वेळ त्यातच जातो. अशी प्रणाली आखताना, म्हणजे आरोग्यसेवेतील माहिती संगणकावर हाताळण्याच्या आरोग्य माहितीशास्त्राच्या कामात, खाटेशेजारी काम केलेली परिचारिका सोबत असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेत परिचर्या माहितीशास्त्राला (याच शास्त्राचा परिचारिकांच्या कामाशी संबंधित भाग) १९९२ मध्येच विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. आपल्याकडेही २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन ही आरोग्य नोंदी डिजिटल स्वरूपात जोडण्याची सरकारी योजना देशभर राबवली जात आहे. बी.एस्सी. नर्सिंगनंतर नोकरी सांभाळून या क्षेत्रात गेलेल्यांनी कोणता अभ्यासक्रम केला, स्नोमेड सीटीसारखी वैद्यकीय संज्ञावली कितपत शिकावी लागली आणि रुग्णालयात नेमके कोणते पद मिळाले, हे कृपया सविस्तर सांगावे.