मदत हवी आहे : चुलत्याच्या अपिलात आम्हाला बोलता येतं का?

आम्ही तासगाव तालुक्यातले. २०२१ मध्ये बांधाच्या वादातून तात्यांनी, म्हणजे सख्ख्या चुलत्यांनी, आण्णांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, कोयता चालवला. डाव्या हाताची दोन बोटं आजही वळत नाहीत. द्राक्षबागेत छाटणीला कात्री धरायची म्हटलं की दुसऱ्याला हाक मारावी लागते.

गेल्या महिन्यात सेशन कोर्टाचा निकाल लागला. कलम ३०७ (खुनाचा प्रयत्न) टिकलं नाही, ३२६ (घातक हत्याराने गंभीर दुखापत) खाली पाच वर्षं झाली. आता तात्या हायकोर्टात गेलेत, अपील आणि शिक्षा स्थगितीचा, म्हणजे अपील चालू असेपर्यंत जामिनावर सुटण्याचा, अर्ज दोन्ही. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झाल्यामुळे मुंबईची वारी वाचली, एवढंच बरं.

मला विचारायचंय ते असं. कमी गंभीर कलमाखाली शिक्षा झाली तर जखमीलाही अपील करता येतं, असं वाचलं. मग आमचं अपील जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहिता) ३७२ खाली की तिच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ४१३ खाली? मुदत किती, आणि कधीपासून मोजायची? निकालाची नक्कल हातात यायलाच तीन आठवडे गेलेत. तात्यांच्या जामिनाला विरोध सरकारी वकीलच करणार की आम्ही आमचा वकील उभा करू शकतो?

आज्जी म्हणते मिटवून टाका, दोघंही माझीच. पण ३२६ आपसात मिटत नाही, असं आमचे वकील सांगतात. तडजोड झाली तर हायकोर्ट शिक्षेचा काळ ठरवताना ती बघतं का?

कुणी या फेऱ्यातून गेलं असेल तर सांगा. 'घरचं भांडण घरात ठेवा' हा सल्ला मात्र नको, तो चार वर्षं ऐकतोय.