पॉलिकार्बोनेटचा पत्रा पिवळा पडला, स्क्रूभोवती तडे, फसवलं का आम्हाला?

रामबागकर:
मंडळी, इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर आहे. मागच्या चौकात आई भांडी-कपडे करते, तिथे चार वर्षांपूर्वी सियागंजातून आणून पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पत्रे टाकले, भरीव, ३ मिमीचे. दुकानदाराने हातोडा मारून दाखवला होता, ढिम्म काही झालं नाही, म्हणाला काचेपेक्षा अडीचशे पट मजबूत आणि वजन निम्मं. आता बघतो तर पिवळाधमक, आई म्हणते कावीळ झालीय पत्र्याला, आणि प्रत्येक स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे. पत्र्याच्या नावाखाली फायबर गळ्यात मारलं का?

शेडवाले_भिया:
फायबर नाही हो, फायबरमध्ये काचेचे तंतू दिसतात, ते आरपार स्वच्छ नसतं. हातोड्याचंही खरं आहे, पण हा पत्रा हातोड्याने मरत नाही, उन्हाने मरतो. यूव्हीचा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारा थर बहुतेक शीटना एकाच बाजूला असतो, तीच बाजू वर हवी. कुठली ते पत्र्याला चिकटवलेल्या पातळ फिल्मवर छापलेलं असतं आणि आपले कारागीर आधी फिल्म टराटरा ओढून काढतात मग विचारतात सीधी कौनसी. दुसरं म्हणजे भोकं. हे प्लास्टिक उन्हात फार वाढतं, ३ मीटरचा पत्रा ५० डिग्रीच्या फरकात जवळजवळ सेंटीमीटरभर. भोक स्क्रूच्याच मापाचं पाडून घट्ट आवळलं की त्याला सरकायला जागा नाही, मग ताण स्क्रूपाशी. भोक मोठं ठेवायचं, वॉशर ईपीडीएम रबराचा, पीव्हीसीचा नको, त्यातलं तेलकट रसायन पत्र्याला बाधतं. आणि एक सांगा, थिनर लावलंय का कधी?

रामबागकर:
अरे देवा. दिवाळीच्या आधी रंगाचे शिंतोडे उडाले होते, पेंटरने थिनरनेच पुसले.

शेडवाले_भिया:
झालं मग. आधीच ताण, त्यावर थिनर, तडे जाणारच. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस. अ‍ॅसिटोन नको, अमोनियावालं काच-क्लीनर नको, घासणी तर अजिबातच नको, ओरखडे हा पटकन घेतो.

टिळकनगरच्या_काकू:
मध्येच विचारते, ते २० लिटरचे निळे पाण्याचे जार याचेच असतात ना? आमचा पाणीवाला टेम्पो भर उन्हात उभा ठेवतो.

चष्मिस:
काकू, पुष्कळसे असतात, बुडाशी त्रिकोणात ७ असेल तर शक्यता आहे, पण ७ म्हणजे 'इतर' सगळीच प्लास्टिकं. यातून बीपीए नावाचं रसायन थोडं थोडं पाण्यात उतरतं, उष्णतेने जास्त, म्हणून बाळांच्या दुधाच्या बाटल्या याच्या करायला आपल्याकडे मनाई आहे. जार सावलीत ठेवायला सांगा, गरम पाणी त्यात ओतू नका. बाकी घरात हे सगळीकडे आहे, माझ्या चष्म्याची भिंगं, हेल्मेटची पुढची काच, गाडीच्या हेडलाइटची काच, जुन्या सीड्या. हेडलाइट पिवळा पडतो ना, तीच ही कावीळ.

रामबागकर:
आज सकाळी शिडी लावून बघितलं. कडेच्या पट्टीखाली बोटभर फिल्म राहून गेलीय, चौकात उभं राहून मान वर केली की त्यावरची अक्षरं सरळ वाचता येतात. धिस साइड टु सन.

शेडवाले_भिया:
🙏 नवीन पत्रे येतील त्या दिवशी कारागिरापाशी स्वतः उभे राहा.