मदत हवी आहे - प्लूटोवरचा 'हलणारा' बर्फ मुलांना कसा दाखवू?

नमस्कार मंडळी, घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत पुढच्या रविवारी मुलांसाठी प्लूटोवर छोटं सेशन घेतेय, पाचवी ते आठवीची पोरं आहेत. न्यू होरायझन्स यानाची गोष्ट जमेल, जानेवारी २००६ ला निघालं, वाटेत गुरूच्या ओढीने वेग वाढवून घेतला आणि १४ जुलै २०१५ ला प्लूटोपासून साधारण १२,५०० किमीवरून पुढे गेलं, थांबलं नाही. सगळा डेटा पृथ्वीवर यायला मात्र ऑक्टोबर २०१६ उजाडला, इतका स्पीड कमी!

अडतंय ते स्पुटनिक प्लॅनिशियापाशी. म्हणजे प्लूटोच्या फोटोत दिसणाऱ्या त्या प्रसिद्ध हृदयाच्या आकाराच्या पांढुरक्या भागाची डावी बाजू, बहुतेक नायट्रोजनचा बर्फ, आणि एवढ्या मोठ्या मैदानात उल्का वगैरे आदळून काळाच्या ओघात पडणारी विवरं जवळपास नाहीतच म्हणजे पृष्ठभाग खूपच नवा. उणे २३० अंशांच्या आसपास थंडी, तरी आतल्या थोड्याशा उष्णतेने तो घट्ट बर्फ हळूहळू वर येतो, बाजूला सरकतो, कडेने परत खाली जातो आणि त्यातूनच ते दहा ते चाळीस किमी रुंदीचे बहुकोनी तुकडे तयार होतात. मला तर यानाने पाठवलेल्यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

पसरट पॅनमध्ये तेलाचा पातळ थर तापवून त्यात अभ्रकाची बारीक पूड टाकली की तसेच कप्पे दिसतात म्हणे, कुणी केलंय का? तेल कुठलं, थर किती जाड, इंडक्शनवर चालेल का, मुलं जवळ असणार म्हणून गॅस नकोय. आणि पूड ठाणे स्टेशनजवळ कुठे मिळेल? प्लीज सांगा.