फ्रिजमागचा ट्रे आणि आजीचे घंगाळ: डासांशी झालेल्या झटापटींचे तुमचेही अनुभव लिहा

उंबरठा
आज सकाळी महापालिकेच्या आरोग्य खात्यातील एक ताई आमच्या इमारतीत तपासणीसाठी आल्या होत्या. कुंड्या, पिंप आणि गॅलरी पाहून झाल्यावर त्यांनी फ्रिज पुढे ओढायला सांगितला, तेव्हा मी मनातल्या मनात हसले, कारण आमचे घर लख्ख असते हा माझा समज तीस वर्षांचा जुना आहे. फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरच्या वर जो उथळ ट्रे असतो, त्यात अर्धे बोट पाणी होते आणि विजेरीचा उजेड पडताच त्यातील स्वल्पविरामासारख्या अळ्या वळवळत तळाशी गेल्या. ताईंनी ट्रे काढून गॅलरीतील तापलेल्या फरशीवर पालथा केला, "काकू, ब्रशने घासून घ्या, नुसते पाणी ओतून भागत नाही" एवढे सांगितले आणि शेजारची बेल दाबली.

ते वाक्य ऐकले आणि शनिवार पेठेतल्या वाड्यातील आजी डोळ्यांसमोर उभी राहिली. तिच्याकडे दर शनिवारी पाण्याची सगळी भांडी रिकामी होत. तांब्याचे घंगाळ, दोन हंडे आणि न्हाणीघरातील पिंप ती आतून चिंच आणि राख लावून घासत असे आणि अंगणात उन्हात पालथे घालत असे. पाणी शिळे होते, एवढेच कारण ती सांगे, आणि आम्हा नातवंडांना ते पाणी झाडांना घालण्याचा कंटाळा येई. एडिस डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवून, आणि भांडे कोरडे पडले तरी ती कित्येक महिने टिकून पुन्हा पाणी भरताच फुटतात, हे मला फार पुढे, घरात दोघे डेंग्यूने आडवे झाल्यावर कळले. आपल्या पावसाळी हवेत अंड्याचा उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आजीचा शनिवार सात दिवसांनी येत असे.

तुमच्या घरी डास कुठे सापडले, काय करून पाहिले आणि कशाचा उपयोग झाला नाही, ते जरूर लिहा.

नदीकाठ
आमच्याकडे ट्रे हा विषयच नाही, आमच्याकडे जलपर्णी आहे. 2024 च्या फेब्रुवारीत नदीवर डासांचे खांब उभे राहिल्याचा जो व्हिडिओ सगळीकडे फिरला, तो आमच्या केशवनगर-खराडी भागातला आहे, आणि त्यानंतर नातेवाइकांचे इतके फोन आले की लग्न ठरले तेव्हाही आले नव्हते. थंडी सरताना पाण्याचा प्रवाह मंदावतो, सांडपाणी साचते, त्यावर जलपर्णीची चादर पसरते आणि घाण पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास तिथे सुखाने नांदतात. आम्ही साडेपाच वाजता खिडक्या लावून घेतो, सहाला दिवे लावतो आणि साडेसहाला रॅकेट हातात घेतो. फोडणीत मोहरी तडतडावी तसा त्या रॅकेटचा आवाज आमच्या घरात जेवणापर्यंत चालू असतो. घरात घासण्यासारखे जे काही होते ते सर्व घासून झाले आहे, नदी मात्र मला एकट्याला घासता येत नाही.

उंबरठा
तुमचे म्हणणे अगदी मान्य आहे. क्युलेक्स रात्री चावतो आणि घाण पाण्यात वाढतो, तर डेंग्यू पसरवणारा पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचा एडिस दिवसा चावतो आणि त्याला आपल्या घरातले स्वच्छ साठवलेले पाणी आवडते. माझा ट्रे दुसऱ्याच्या कामाचा, तुमची नदी पहिल्याच्या.

जिना नंबर तीन
मी आमच्या सोसायटीचा सचिव असल्यामुळे हा धागा वाचताना रक्तदाब वाढला. गेल्या वर्षी ऑगस्टमधील सभेत पाऊण तास फक्त डासांवर भांडण झाले. एका गटाला रोज धुरळणी हवी होती, दुसऱ्या गटाला धुराचा खोकला येत होता आणि तिसरा गट तळमजल्यावरील कुंड्यांकडे बोट दाखवत होता. आम्ही धुरळणी केली. यंत्राचा आवाज ऐकताच सर्वांनी दारे-खिडक्या घट्ट लावून घेतल्या, त्यामुळे घरातले डास घरात सुरक्षित राहिले आणि बाहेरचे मेले, पण चार दिवसांत परिस्थिती मूळपदावर आली. धूर उडत्या डासाला मारतो, पाण्यातील अळीला त्याची वार्ताही लागत नाही.

शेवटी लिफ्ट दुरुस्तीसाठी आलेल्या कारागिराने तळाच्या खड्ड्यात उतरताना "साहेब, इथे तर डासांचा कारखाना आहे" अशी हाक मारली. खड्ड्यात टीचभर पाणी झिरपून साठले होते, त्यावर अळ्या आणि कोष यांचा थर होता आणि लिफ्टच्या पोकळीतून डास थेट सातव्या मजल्यापर्यंत पोहोचत होते. पंप लावून पाणी काढले, भिंतीची गळती बुजवली, सेप्टिक टाकीच्या हवेच्या नळीला आणि गच्चीवरील टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपला नायलॉनची जाळी तारेने बांधली. सगळ्या जाळीचा खर्च धुरळणीच्या एका फेरीपेक्षा कमी आला, आणि दोन आठवड्यांनी सातव्या मजल्यावरचे तक्रारखोर काका स्वतः पेढे घेऊन आले. तळमजल्याच्या कुंड्या निर्दोष निघाल्या, तरी त्यांची माफी अजून कुणी मागितलेली नाही.

वरवंटा
आमच्या ह्यांना डास चावत नाहीत आणि मला एकटीलाच चावतात, यामागे वैवाहिक कारण आहे की शास्त्रीय?

पानफुटी
वरवंटा, डास श्वासातील कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांच्या मागावर येतात, आणि प्रत्येकाच्या त्वचेचा वास निराळा असतो. चावणारी नेहमी मादीच असते, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागते, नर फुलांच्या रसावर जगतात. यावरून काय तो वैवाहिक निष्कर्ष आपणच काढावा.

कमळकंद
गॅलरीतील कमळाच्या टबात अळ्या दिसल्यावर मी मंडईजवळून चार गप्पी मासे आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही अळी उरली नव्हती. मात्र गप्पी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतात, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, आणि चाराचे चाळीस कधी झाले ते समजलेच नाही. मुलीने पहिल्या दहांची नावे ठेवली आणि पुढे तिनेही हात टेकले. कर्वेनगरला येणे जमत असेल तर झाकणाचा डबा घेऊन या आणि हवे तितके न्या.

आठवडी पाणी
कमळकंद, हे मासे पिण्याच्या पाण्याच्या पिंपात सोडले तर चालतील का?

कमळकंद
वापरायच्या पाण्याच्या मोठ्या टाकीत लोक सोडतात, पण पिण्याच्या पिंपात मी सोडणार नाही. आणि नको झाले म्हणून नदीत किंवा पाषाण तलावात तर मुळीच सोडू नका, कारण बाहेरचे हे मासे तिथल्या मूळ माशांच्या जिवावर उठतात.

आठवडी पाणी
विचारायचे कारण असे की आम्ही उंड्रीच्या पुढे राहतो आणि आमचे पाणी टँकरवर आहे. भिंतीवरच्या पत्रकात 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. ज्याच्या नळाला रोज पाणी येते त्याने पिंप खुशाल पालथे घालावे, पण टँकर उद्या येईल की परवा याचा भरवसा नसताना भरलेले दोनशे लिटरचे पिंप कोण ओतून देईल? आम्ही जुन्या साडीचे दुहेरी कापड पिंपावर ताणून त्याभोवती सायकलच्या ट्यूबचे कडे घट्ट बसवतो आणि पाणी संपत आले, की तळाशी उरलेले झाडांना घालून आतली कड काथ्याने घासतो. याहून अधिक कोरडे राहणे आम्हाला परवडत नाही.

उंबरठा
हे खरे आहे, आणि मी तसे लिहायला हवे होते. वाड्यातला नळ सकाळ-संध्याकाळ वाहत होता, म्हणून आजीचा शनिवार शक्य होता.

लंगडी
2006 मध्ये चिकुनगुन्या आला, तेव्हा माझे बाबा एकसष्ट वर्षांचे होते आणि रोज पर्वती चढत असत. ताप चार दिवसांत उतरला, परंतु सांध्यांनी पुढचे आठ महिने घेतले. सकाळी त्यांची बोटे कपाच्या कानात अडकवता येत नसत, म्हणून आई त्यांना चहा वाटीत देई, आणि जिना ते लहान मुलासारखे बसून, एकेक पायरी घसरत उतरत. आफ्रिकेतील माकोंडे भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'वाकवून टाकणारा' असा होतो, हे नंतर वर्तमानपत्रात वाचले, तेव्हा बाबा हसले होते आणि तोच कागद त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवला होता.

आमच्या डॉक्टरांनी त्या वेळी सांगितलेली एक गोष्ट इथे मुद्दाम लिहितो. तापाच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवावे, कारण त्याला चावलेला डासच तो विषाणू घरातल्या पुढच्या माणसाकडे नेतो. आम्हाला हे तिसऱ्या दिवशी समजले आणि आई दहाव्या दिवशी आजारी पडली.

पानफुटी
लंगडी, बाबा आता कसे आहेत?

लंगडी
ठणठणीत आहेत. पर्वतीवर अर्ध्यापर्यंत जातात आणि पूर्ण चढलो असे सांगतात.

चौथी नाडी
मच्छरदाणीचा विषय निघाला आहे म्हणून लिहिते. आमच्या घरी तिची एक नाडी खिळ्याला, दुसरी खिडकीच्या गजाला, तिसरी कपाटाच्या कडीला बांधली जाई, आणि चौथी धाकट्या भावाच्या हातात असे, तो झोपला की ती नाकावर येई. पण खरा कस आत शिरताना लागतो. कड झटकून, वाकून, एका दमात आत जाणे आणि गादीखाली खोचणे ज्याला जमत नाही, तो एक डास सोबत घेऊन येतो, आणि मच्छरदाणीतील एक डास बाहेरच्या पन्नासांपेक्षा वाईट असतो. आईला दमा असल्यामुळे आम्ही कासव छापही लावली नाही आणि कडुनिंबाचा धूरही केला नाही, आजही चुंबकाची जाळी आणि मच्छरदाणी एवढ्यावरच भागते.

शेणाचा बुरूज
दिवाळीच्या किल्ल्याबद्दल कुणीच कसे लिहिले नाही? आमच्या मुलांनी सिंहगडाच्या पायथ्याशी स्टीलचे ताट पुरून सुंदर तळे केले होते. भाऊबीज झाली, मावळे डब्यात गेले, अळीव पिवळे पडले, पण 'राहू दे थोडे दिवस' असे म्हणत तळे तसेच राहिले. मग एका संध्याकाळी धाकट्याने "बाबा, तळ्यात मगरी झाल्या" असे ओरडत मला बोलावले. महाराज सिंहासनावर बसलेले होते आणि खाली गनीम पोहत होता.

पुरंदरची वाट
हसू आले, पण एक आठवण करून देतो. 2021 च्या जुलैमध्ये राज्यातील झिकाचा पहिला रुग्ण आमच्या तालुक्यातील बेलसरला आढळला होता. नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासला, तीच संस्था जी 1952 मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. त्यानंतर पथके घरोघर येऊन रांजण उघडून पाहत होती, आणि आमच्या चुलतीने पाहुण्यांना पाणी देण्याआधी रांजणात विजेरी मारण्याची सवय लावून घेतली, ती अजून गेलेली नाही.

जिना नंबर तीन
उंबरठा, आमचा फ्रिज नवीन पद्धतीचा आहे आणि ट्रे स्क्रूने बसवलेला आहे, तो निघत नाही. काय करावे?

उंबरठा
फ्रिज बंद करून प्लग काढा, जुने सुती फडके ट्रेमध्ये घालून पाणी टिपून घ्या आणि दुसऱ्या फडक्याने कडा घासा. दर आठवड्याला एवढे केले तरी पुरते.

जिना नंबर तीन
आत्ताच केले. ट्रे कोरडा निघाला. फ्रिजच्या मागे मात्र बरणीची दोन झाकणे आणि गेले वर्षभर हरवलेली एक वाटी मिळाली, आणि वाटीत पाणी होते.