अनुभव धागा: पहिल्यांदाच केलं, चुकलं, पण टाकलं नाही!

कोनाड्यात बसेल असं पुस्तकांचं कपाट मी गेल्या पावसाळ्यात घरी केलं. कोनाडा ३७ इंच. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून सहा सूत, म्हणजे पाऊण इंच जाडीचा प्लाय आणला, आडव्या फळ्या बरोब्बर ३६ इंची कापून घेतल्या. दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या ठोकल्या तेव्हा डोक्यात उजेड पडला: सहा सूत अधिक सहा सूत, दीड इंच. कपाट झालं साडेसदतीस! कोनाडा अजून रिकामाच. कपाट समोरच्या भिंतीला, एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी. ओळखीच्या सुतारमामांनी ते हलवून पाहिलं, म्हणाले, "मजबूत आहे." पुढे काही बोलले नाहीत. तरी सकाळी चहा घेताना नजर तिकडेच जाते. विकतच्या सोफ्याकडे कोण बघतंय?

तुमचंही येऊ द्या. मापासकट लिहा, लाजू नका.

*

तपकीर गल्लीतून अ‍ॅम्प्लिफायरचं किट आणलं होतं. डाग द्यायला, म्हणजे सोल्डरने जोड करायला कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे आयर्नवर सोल्डर वितळवून थेंब टाकत बसलो. डाग मोत्यासारखे गोल, आवाज शून्य. दुकानदाराने भिंगातून पाहिलं. "साहेब, आधी जोड तापवा, मग तार टेकवा. टिन आपोआप पसरतो." सगळे डाग काढून पुन्हा दिले. रात्री साडेअकराला स्पीकरमधून आधी घरघर आली, मग गाणं. मी एकटाच टाळ्या वाजवल्या. घरघर अजून आहे. बायको अधूनमधून विचारते, फ्रिज असा का वाजतोय?

*

सिमेंटची कुंडी. एकास तीन वाळू, बाहेरून रंगाची बादली, आत दह्याचा डबा. तेल लावायचं विसरले! बादली शेवटी कापून काढली, डबा आतच राहिला, आणि खाली भोक ठेवायचं सुचलंच नव्हतं. आठवडाभर ओलं पोतं गुंडाळून पाणी मात्र इमानदारीत मारलं, त्यामुळे आता ती फुटतही नाही. तुळस कुजली. छत्र्या ठेवतो. सासूबाई पाहुण्यांना आवर्जून सांगतात, "हिने केलीये हो, उचलून बघा."

*

पडद्याच्या रॉडसाठी बीममध्ये साध्या ड्रिलने अर्धा तास. बिट निळं पडलं, भोक मुगाएवढं. शेवटी शेजाऱ्यांचं हॅमर ड्रिल. पडद्याचा रॉड एकीकडे बोटभर खाली आहे, पडदा आपोआप सरकतो. मुद्दाम तसा बसवलाय असं सांगतो.

*

कपाटवाल्यांना: कोनाडा एकाच ठिकाणी मोजला होतात ना? खाली, मध्ये, वर असा तीनदा मोजायचा. भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात नसतात. सगळ्यांत कमी येईल ते माप धरा, त्यातून दीड इंच वजा, शिवाय अर्धा इंच सुटायला. हे मला शूरॅकने शिकवलं. तो गॅलरीत असतो.

*

धागाकर्ता: आत्ताच मोजला. खाली ३७. मध्ये ३६ आणि सहा सूत. वर ३६ आणि दोन सूत. म्हणजे फळी सव्वाचौतीसची. प्लायचा भाव विचारून ठेवलाय, घरात अजून बोललेलो नाही.