मदत हवी आहे: जीएसटी नोंदणीसाठी दुकानमालकाचं आधार मागून राह्यले

वाठोडा_पॅकिंग: जीएसटीचा अर्ज टाकला, त्यावर नोटीस आली. दुकानमालकाचं आधार न् पॅन मागितलं. मालक द्यायला तयार नाही. काय करू? लवकर सांगा राजेहो, गिऱ्हाइकाची ऑर्डर अडकून आहे.

इतवारी_खातेवही: द्यायचंच नाही. सीबीआयसीची (केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाची) 17 एप्रिल 2025 ची सूचना, क्रमांक 03/2025. भाड्याच्या जागेला भाडेकरार आणि मालकीचा एकच पुरावा पुरतो. मालकाचं आधार, पॅन, फोटो मागायचा नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. उत्तरात हा क्रमांक टाका.

कागदपत्री: थांबा भाऊ. करार रजिस्टर आहे की नोटरीचा? नोटीस कधीची? अर्ज राज्याकडे गेला की केंद्राकडे?

सदर_उद्योग: आधी उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, काढा. फुकट आहे, नूतनीकरणही नाही.

कागदपत्री: उद्यमनं जीएसटीची हरकत निघत नाही.

वाठोडा_पॅकिंग: नोटरीचाच, सगळे तोच करतात. नोटीस मंगळवारची. वीजबिल मालकाच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे.

कागदपत्री: मग इतवारीभाऊंचं उत्तर तुम्हाला लागू नाही. करार रजिस्टर नसेल तर मालकाच्या ओळखीचा पुरावा जोडावा लागतो, हे त्याच सूचनेत आहे. ओळखीचा एक कागद पुरे, आधारवर अडून बसू नका, मतदार कार्ड मागून बघा. आणि ते वीजबिल लावू नका. करारावर मुलाचं नाव, बिलावर वडिलांचं, की तिथंच अर्ज अडकतो. मनपाची मालमत्ता कराची पावती मुलाच्या नावावर असेल तर तीच लावा.

इतवारी_खातेवही: करारच रजिस्टर करा ना! भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम 55 नं ते बंधनकारक आहे. शहरात नोंदणी फी 1000 रुपये, मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का.

कागदपत्री: करायलाच हवा, पण आत्ता नाही. ऑनलाइन नोंदणीत मालकाचं आधार आणि अंगठा दोन्ही लागतात. जो माणूस आधारची प्रत देत नाही, तो अंगठा देईल? उत्तराला नोटिशीपासून कामाचे 7 दिवसच आहेत. ते हुकले तर अर्ज फेटाळला जातो, मग नव्यानं सुरुवात.

पोर्टलवर ‘सर्व्हिसेस’, ‘रजिस्ट्रेशन’, मग ‘अॅप्लिकेशन फॉर फाइलिंग क्लॅरिफिकेशन्स’. तिथं अर्जात बदल करायचा का विचारतात, ‘हो’ निवडा. ‘नाही’ केलं तर मूळ अर्जातला जागेचा कागद बदलता येत नाही. स्कॅनचा आकार पोर्टलच्या मर्यादेत ठेवा, करारातलं प्रत्येक पान आलं पाहिजे. अर्ज कुणाकडे आहे, ते अजून सांगितलं नाही तुम्ही.

धंतोली_लेखा: 1 नोव्हेंबर 2025 पासून कामाच्या 3 दिवसांत नोंदणी मिळते ना?

कागदपत्री: मिळते, जीएसटीच्या नियम 14अ प्रमाणे. पण नोंदणीकृत ग्राहकांना केलेल्या विक्रीवरचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत हवा आणि तो पर्याय अर्ज करतानाच निवडावा लागतो.

वाठोडा_पॅकिंग: राज्याकडे आहे. कराची पावती मालकाच्या नावावर निघाली, मतदार कार्ड देतो म्हणाला.

कागदपत्री: मग केंद्राच्या सूचनेवर वाद घालत बसू नका. ती केंद्राच्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. दोन्ही कागद जोडा, उत्तरात दोनच ओळी लिहा आणि आजच पाठवा. उत्तरानंतर कामाच्या 7 दिवसांत कार्यालयानं काही केलं नाही तर नियम 9(5) प्रमाणे नोंदणी मंजूर धरली जाते. पोचपावती जपून ठेवा.